पत्त्यात नंबर नाही

पुतणीनं व्हॉट्सॲपवर तिकडचा पत्ता पाठवला, तेव्हा मला वाटलं अर्धाच आला. तिचं नाव, खाली ‘बॅलिनमोना’, त्याखाली जवळच्या बाजारगावाचं नाव, काउंटी कॉर्क, आयर्लंड, आणि शेवटी सात अक्षरांचा कोड. बस. मी तिला लिहिलं, ‘घर नंबर कुठाय? गल्ली, वॉर्ड काही?’ तिचं उत्तर आलं, ‘मोठेबाबा, नंबर नाहीच. इथं वावरावावरांत एकेक घर आहे. एवढंच लिहा, पोहोचतं.’

मी ३९ वर्षं टपाल वाटलं आहे. राळेगाव तालुक्यातल्या एका ब्रँच पोस्टातून, पाच गावं आणि दोन पोडं (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती), सायकलवर. १९८५ साली लागलो तेव्हा आमच्या नोकरीला ‘ईडी’ म्हणायचे, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. (आता कुणाला सांगितलं की मी ईडीत होतो, तर माणूस आधी दचकतो, मग माझी चप्पल पाहून हसतो.) पुढे आमचं नाव ग्रामीण डाक सेवक झालं, पगार तसाच राहिला. सांगायचा मुद्दा हा की पत्ता ही गोष्ट मला कळते, असा माझा समज होता. आणि ही पोरगी म्हणते नंबर नाही!

पार्सल यवतमाळच्या मोठ्या पोस्टातून केलं. कुरड्या, ज्वारीचे पापड, तिखट आणि तिच्या आजीनं शिवलेली एक वाकळ. पोहोचलं. मग मी तिला फोनवर विचारलं, ‘बॅलिनमोना म्हणजे काय?’ टपालवाल्याला असलं काही विचारायची खोड असते.

तिनं घरमालकाला विचारून सांगितलं. ‘बॅली’ म्हणजे वस्ती, गाव. मूळ आयरिश शब्द ‘बाल्ये’च्या जवळचा. ‘मोना’ म्हणजे दलदलीतली ती काळी माती, जी विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळतात. म्हणजे जळणमातीचं गाव. आपल्याकडे पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्यांवर स्वयंपाक होतो, त्यांच्याकडे मातीवर व्हायचा. त्या काउंटीत बॅलिनमोना एक नाही, अनेक आहेत म्हणे. मी म्हटलं, हे तर आपल्यासारखंच झालं. आपल्या जिल्ह्यात हिवरा किती आहेत ते मोज बरं.

तिथून आमच्या रविवारच्या फोनला विषय मिळाला. आधी ती जेवली का, थंडी किती, एवढंच व्हायचं.

आयर्लंडात ६० हजारांहून जास्त ‘टाउनलँड’ आहेत. नावात टाउन असलं तरी तिथं दुकानसुद्धा असेलच असं नाही. आपल्या मौजासारखी ती जमिनीची हद्द आहे, फक्त पुष्कळ लहान. कुठे दोनचार घरं, कुठे एकही नाही. पण प्रत्येकीला नाव आहे, आणि खेड्यातल्या माणसाचा पत्ता म्हणजे तेच नाव. पिनकोडासारखा कोड त्यांच्याकडे देशभर आला तो २०१५ मध्ये. आपला पिन १५ ऑगस्ट १९७२ चा आहे, आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं, जो संस्कृतात कविताही करायचा. हे मी तिला तीनदा सांगितलं. तिला तेवढं कौतुक वाटलं नाही.

तिकडची नावं फोडली की आत बहुतेक वेळा झाड, पाणी, टेकडी नाहीतर गाय निघते. डेरी म्हणजे ओकाचं रान. मेयो म्हणजे यू नावाच्या झाडांचं मैदान. क्लॉनमेल म्हणजे मधाचं कुरण. आपल्याकडचं वेगळं काय आहे? बाभुळगाव, कळंब, उमरी, पिंपळगाव, सावरगाव, हिंगणघाट. ज्यानं झाडं ओळखली त्याला अर्धा विदर्भ पाठ झाला. फरक इतकाच की आपण ही नावं इतक्यांदा उच्चारतो की त्यातलं झाड दिसेनासं होतं. पोष्टात लागल्यावर कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की हिवरा म्हणजे हिवराचं झाड. ते झाड रोज वाटेत लागायचं आणि त्याला मी सायकल टेकवायचो.

आणि ओकाचं म्हणाल, तर १९०० च्या सुमारास आयर्लंडात जंगल उरलं होतं जेमतेम १ टक्का जमिनीवर. डेरी नावाची गावं मात्र जागोजाग. झाडं तुटली, नाव कुणाला तोडता आलं नाही.

आमच्याकडचं ‘चिचवालं वावर’ तसंच. माझी बायको लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात आईनं तिच्या डोक्यावर भाकरीचं टोपलं दिलं आणि सांगितलं, ‘चिचवाल्या वावरात जाय, तिथं माणसं डवरून राह्यले.’ ती बिचारी चिचेचं झाड शोधत तासभर फिरली. झाड कुठाय! ते माझ्या जन्माच्याही आधी वादळात पडलं होतं. शेवटी माणसंच भुकेनं वाट पाहून धुऱ्यावर आली, तेव्हा ती सापडली. ‘चिच नाई त मग चिचवालं काहून म्हणता?’ असं तिनं त्या दिवशी विचारलं, आणि त्याचं सरळ उत्तर आजवर घरात कुणी दिलेलं नाही.

त्याला लागून ‘बारा एकरी’. ती चार भावांत वाटली गेली, मग त्यांच्या पोरांत. आता कुणाकडे तीन एकर, कुणाकडे दीड. पण दीड एकरवालाही सांगतो, ‘बारा एकरीत फवारा मारून राह्यलो.’ पुतणी म्हणाली, इथं कॅरोमोर आहे, म्हणजे मोठी चौथाई. जमिनीचा चौथा हिस्सा. तिकडे किती नावं अशी हिश्श्यांची आहेत. वाटणी झालेली जमीन वाटणीचंच नाव सांगत बसते, हे दोन्हीकडे आहे.

पण मला सगळ्यात आवडला तो त्यांचा रस्ता. रस्त्याला आयरिशमध्ये ‘बोहर’ म्हणतात, आणि त्यात ‘बो’ म्हणजे गाय आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्यांच्या एका शब्दकोशात रस्त्याची रुंदी दिली आहे ती अशी: एक गाय उभी आणि एक आडवी मावली पाहिजे. मीटर नाही, फूट नाही. आमच्या म्हाताऱ्यांना पांदणीची रुंदी विचारा. ‘दोन बंड्या आमोरासमोर आल्या तर एकीचं चाक धुऱ्याले लागलं नाई पाहिजे.’ मोजमाप तेच, जनावर घरचं. आता त्याच पांदणीचं सरकारी योजनेत ‘पाणंद’ झालं आहे. २०२१ मध्ये मातोश्री नावाची योजना आली, तिच्या फलकावर ‘शेत/पाणंद रस्ता’ असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे कुणी पाणंद म्हणत नाही. एका म्हाताऱ्यानं मला फलक वाचून दाखवायला लावला आणि म्हणाला, ‘हे कोणच्या गावचं हाय?’

हसू नका. आयर्लंडची बहुतेक नावं अशी फलकावर चढताना बदलली आहेत.

१८२४ मध्ये इंग्रजांनी तिथं मोजणी सुरू केली, एका मैलाला सहा इंच या मापानं. कारण आपल्याला ठाऊक असलेलंच: कर बसवायचा होता. मोजणी करणारे इंग्रजी बोलणारे, गावं आयरिश. मग नावं लिहायची कशी? त्यासाठी १८३० मध्ये जॉन ओडोनोव्हन नावाचा एक विद्वान त्यांनी घेतला. हा माणूस काउंटीमागून काउंटी हिंडला. गावातल्या जुन्या माणसांकडून नावाचा उच्चार ऐकायचा, जुनी कागदपत्रं ताडायची, मग मुख्यालयाला पत्र लिहायचं की या नावाचा अर्थ असा, आणि इंग्रजीत ते असं लिहावं. मला त्याच्याबद्दल माया वाटते. पायी फिरायचं, प्रत्येक गावात म्हाताऱ्यांशी बोलायचं, ऊनपाऊस खायचा. हे टपालवाल्याचंच काम झालं, फक्त तो पत्रं वाटण्याऐवजी पाठवत होता. पण त्यानं अर्थ जपून ठेवला तो वह्यांत, आणि नकाशावर छापून आला तो इंग्रजी कानाला जमेल तसा आवाज. उदाहरण द्यायचं तर ‘किल’. ‘किल’ कुठे चर्च असतं, कुठे रान. आयरिशमध्ये ते दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजी अक्षरांत दोन्हींचा ‘किल’च झाला. किलमोर म्हणजे मोठं चर्च की मोठं रान, हे आता नुसतं फलक वाचून सांगता येत नाही. त्या गावचं आयरिश नाव ठाऊक असावं लागतं.

आपल्या वऱ्हाडात इंग्रजांची मोजणीची साखळी १८६० नंतर आली. ३३ फुटांची. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. वावराला सर्व्हे नंबर पडला, पुढे गट नंबर आला, आणि चिचवालं, खारी, बारा एकरी ही नावं कागदावर कुठेच राहिली नाहीत. गावांची नावं राहिली, पण इंग्रजीत. त्या इंग्रजीनं मला एकदा फार वाईट दिवस दाखवला. हिवरा, जिल्हा यवतमाळ, एवढाच इंग्रजीत पत्ता आणि पिन चुकलेला, असं एका पोराचं मुलाखतीचं पत्र दुसऱ्या तालुक्यातल्या हिवऱ्याला जाऊन आलं. माझ्या थैलीत पडलं तेव्हा मुलाखत होऊन दोन दिवस झाले होते. पोरगा वावरात होता. मी ते त्याच्या हातात दिलं, त्यानं तारीख वाचली, आणि मलाच म्हणाला, ‘पाणी पेता का काका?’ आज त्याचं कृषी केंद्र आहे, बरं चाललं आहे. तरी त्याच्या दुकानावरून जाताना मी अजून सायकल जोरात मारतो.

आणखी एक गोष्ट पुतणीनं सांगितली, ती मात्र मला टोचली. उत्तर आयर्लंडात, जो भाग ब्रिटनकडे आहे, १९७० च्या दशकात रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर दिले गेले आणि टाउनलँडची नावं पत्त्यातून गळू लागली. लोकांनी चळवळ केली. फर्मानाग या एका काउंटीनं हट्टानं जुनी नावं धरून ठेवली. आणि हे नंबर कुणाला पाहिजे होते? पोस्टाला. म्हणजे गुन्हेगार आमचंच खातं! मी तिला म्हटलं, त्यांच्या पोस्टमनला दोष देऊ नको, वरून आलेला कागद असेल.

आता वाघाचं.

आमच्या एका पोडाच्या वाटेवर ‘वाघनाला’ आहे. जुन्या पोडांची नावं पुष्कळदा तिथल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या नावावर असतात, आणि सरकारी दप्तरात पोड भलत्याच मौजात मोडतं. त्या नाल्यात मी ३० वर्षं सायकल खांद्यावर घेऊन उतरलो. वाघाचं नावच, वाघ कुणी पाहिला नव्हता. पोरं थट्टा करायची, ‘काका, वाघाची मनीऑर्डर आली का?’ मग २०१६ नंतर आमच्या राळेगाव-पांढरकवडा भागात ती टी-१ वाघीण, जिला पेपरवाल्यांनी अवनी म्हटलं, तिच्यापायी माणसं मरू लागली. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली तोवर तेरा बळी तिच्या नावावर लागले होते. त्या दोन वर्षांत कापूस वेचायला बाया एकट्या जात नव्हत्या, जागलीला कुणी जात नव्हतं, शेळ्या दुपारीच घरी यायच्या. मी त्या वाटेनं जाताना घंटी वाजवत जायचो, सायकलची. पोडातला एक म्हातारा कोलाम मला म्हणाला, ‘नाव काय उगाच ठेवलं होतं का बाबू? आमच्या आज्याले मालूम होतं. तुमाले नव्हतं.’

पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, इथं मेयोत ब्रॅफी म्हणून जागा आहे, नावाचा अर्थ लांडग्यांचं मैदान. आयर्लंडातला शेवटचा लांडगा १७८६ मध्ये मारला असं सांगतात. म्हणजे सव्वादोनशे वर्षांवर त्या नावात लांडगा आहे आणि देशात नाही. आमच्याकडे उलटं झालं, नाव रिकामं पडलं होतं आणि वाघ परत येऊन त्यात बसला.

सगळी जुनी नावं राखण्यासारखी असतात असं मात्र मी म्हणणार नाही. गावातल्या मोहल्ल्यांना जातीची नावं होती. पत्रावर ती नावं तशीच्या तशी लिहून यायची, आणि उघड्या पोस्टकार्डावरची ती ओळ मी चारचौघांत वाचून दाखवत नसे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. चांगलं केलं. पण सरकारला २०२० मध्ये सुचलं ते आमच्या गावच्या पोरांनी कधीच करून टाकलं होतं. मी लागलो त्या वर्षीही मुंबईहून, भिलाईहून येणाऱ्या त्यांच्या मनीऑर्डरींवर ‘बौद्धपुरा’ असाच पत्ता असायचा. कागदोपत्री बौद्धपुरा कुठेच नव्हता. मी तिथंच नेऊन द्यायचो. पत्ता असाच ठरतो. पाठवणाऱ्यानं लिहिला आणि टपालवाल्यानं पोहोचवला की झाला.

तिकडेही त्यांनी असं केलं. कॉर्कजवळच्या बंदराला १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मानात क्वीन्सटाउन केलं होतं. टायटॅनिक बुडण्याआधी शेवटची थांबली ती याच बंदरापाशी. १९२० मध्ये लोकांनी राणी पुसून टाकली, आता ते कोव्ह आहे.

आमच्या शिवारात एक रीठ आहे. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. मारोतीचा शेंदूर गेलेला दगड, फुटकी जाती, नांगरताना निघणारी खापरं. म्हातारे सांगतात, पटकीत उठलं. महसुलात तो अजून मौजा आहे, त्याचा सातबारा निघतो, पण ३९ वर्षांत त्या नावानं एक पोस्टकार्ड आलं नाही. आयर्लंडात १८४१ ला ८१ लाखांवर माणसं होती. बटाट्याच्या दुष्काळानंतर, १८५१ ला, ६५ लाख उरली. काही मेली, काही बोटीत बसली. पुतणी एकदा असल्या उठलेल्या वस्तीत जाऊन आली. छप्पर नसलेल्या दगडी भिंती, आणि नाव नकाशावर ठळक. तिनं व्हिडिओ पाठवला. वारा इतका होता की तिचं बोलणं ऐकू आलं नाही. मी तो दोनदा पाहिला.

तिकडे मीथ नावाच्या काउंटीत लोकांनी घरोघर जाऊन वावरांची नावं गोळा केली, हे तिनं सांगितलं आणि मी वही काढली. पोस्टातली शिल्लक राहिलेली, लाल रेघांची. आता मला काम नाही. रोज सकाळी एका धुऱ्यानं जातो आणि भेटेल त्याला विचारतो. आजवर १४० नावं झाली. खारी, बुडीचं, बैलमाऱ्या (उतारावर बंडी उलटून जोडीतला एक मेला), हवालदाराचं, लवणातलं, साखरपट्टी (तिथली ज्वारी गोड लागायची म्हणे). तिशीच्या पोरांना यातली दहा येतात. त्यांना दोष नाही, ते गट नंबर सांगतात, कारण पीक विम्याच्या फॉर्मवर ‘बैलमाऱ्या’ला रकाना नाही. आणि आता तर आमच्या खात्यानं डिजिपिन काढला आहे, दहा अक्षरांचा. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटीला एक. म्हणजे चिचवाल्या वावरात, जिथं चिच होती, त्या बुंध्यालाही स्वतःचा कोड. काढून पाहिला मी. पाठ होत नाही.

एक नाव लागत नव्हतं. ‘तारवालं वावर.’ मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तारेचं कुंपण असेल, आणि वहीत तसं लिहूनही मोकळा झालो होतो. मागच्या आठवड्यात मोठीमायला वही वाचून दाखवत होतो. ती ८६ वर्षांची आहे, डोळे गेले, कान शाबूत.

‘कुंपन कोन्या बुढ्यानं केलं तिथं?’ ती म्हणाली. ‘कुंपन नव्हतं. तार आली होती तिथं.’

तार! मी ३९ वर्षं टपालात आणि मला हे सुचलं नाही.

झालं असं की तेव्हा गावात इंग्रजी वाचणारा एकटा शाळामास्तर. निंदणीचे दिवस, सगळ्या बाया वावरात. तारवाला सायकल घेऊन धुऱ्यावर आला आणि कागद घरधनिणीच्या हातात देऊन निघून गेला. तार म्हणजे कुणीतरी गेलंच. कोण गेलं ते वाचता येईना, म्हणून आधी नागपूरच्या भावाला रडल्या, मग माहेरच्या बापाला, मग वर्ध्याच्या बहिणीला. ‘निंदन तसंच ठेवून आमी सगळ्या रडलो,’ मोठीमाय म्हणाली, ‘दोन घंटे. मीही रडली. मले तिचा भाऊ मालूमबी नव्हता.’ मग मास्तर आला. त्यानं तार वाचली. भावाला रेल्वेत नोकरी लागली होती.

पुतणीला हे रविवारी सांगितलं. ती इतकी हसली की तिकडे घरमालक काय झालं म्हणून विचारायला आला. ती या सगळ्या नावांचा इंग्रजी अर्थ लिहून एक यादी करते आहे, त्या घरमालकाला दाखवायला. म्हणाली, ‘मोठेबाबा, मग मी तारवालं वावर इंग्रजीत काय लिहू? कुंपणाची तार तर नाही ना लिहायची?’

मी म्हटलं, ‘तार लिही. आणि बाजूला लिही की दोन घंटे रडले होते.’